केसपेपरवरचे प्रश्नचिन्ह आणि नाकारलेला आयुर्विमा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत २०१५ पासून सरकारचा प्रेरणा हा मानसिक आरोग्याचा प्रकल्प राबवला जातो. आशाताई दारावर येतात. झोप लागते का, जेवण जाते का, जीव नकोसा होतो का, हे विचारतात. गरज वाटली तर समुपदेशकाकडे किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पाठवतात. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही चोवीस तास चालू आहे. मन मोकळे करा, मदत मागा, असे सगळीकडे सांगितले जाते. हे ऐकून जो माणूस खरेच गेला, त्याने दोन वर्षांनी पंचवीस-पन्नास लाखांचा टर्म विमा, म्हणजे ठराविक मुदतीत मृत्यू झाला तर घरच्यांना रक्कम देणारा आयुर्विमा, मागितला की त्याच समुपदेशनाच्या कागदावर बोट ठेवून अर्ज परत येऊ शकतो. बोलावणारा हात सरकारचा, दंड करणारा विमा कंपनीचा, आणि गालावर वळ उठतो तो एकाच माणसाच्या.

या विषयात पहिला घोटाळा होतो तो कायदा वाचताना. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २१(४) प्रमाणे प्रत्येक विमा कंपनीने मानसिक आजाराच्या उपचारासाठी शारीरिक आजाराच्या धर्तीवरच वैद्यकीय विमा द्यायचा आहे. विमा नियामक इर्डाने ऑगस्ट २०१८ मध्ये तसे परिपत्रक काढले, २०१९ मध्ये मानसिक आजार पॉलिसीतून वगळण्याची वाट बंद केली, आणि तरीही कंपन्या हलेनात म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये महिनाअखेरची मुदत घालून पुन्हा बजावले. पण हे सारे दवाखान्याच्या बिलाच्या विम्याबद्दल आहे. आयुर्विमा, टर्म प्लॅन, गृहकर्जासोबत गळ्यात पडणारा विमा, यांचा त्या कलमात उल्लेखच नाही. नाकारलेल्या टर्म प्लॅनच्या तक्रारीत फक्त २१(४) चा हवाला दिला, तर हे कलम आम्हाला लागू नाही असे दोन ओळींचे उत्तर येते. आणि शब्दाला शब्द धरला तर ते बरोबर असते.

अशा तक्रारीत उपयोगी पडते ती याच कायद्यातली मानसिक आजाराची व्याख्या. विचार, मनःस्थिती, आकलन, भान किंवा स्मरणशक्ती यांत मोठा बिघाड झाला पाहिजे, आणि तोही असा की निर्णयशक्ती, वागणूक, वास्तवाचे भान किंवा रोजचे व्यवहार पार कोलमडावेत. तेव्हा तो कायद्याच्या दृष्टीने मानसिक आजार. सोयाबीन पाण्यात गेल्यावर, घरातले कर्ते माणूस गेल्यावर किंवा नीट परीक्षेत गुण कमी पडल्यावर समुपदेशकासमोर चार वेळा बसणे या व्याख्येत बसत नाही. शिवाय कलम ३ सांगते की पूर्वी उपचार घेतले एवढ्याच कारणावरून आज किंवा पुढे कोणाला मानसिक आजार आहे असे ठरवता येणार नाही. तक्रारीत ही दोन कलमे आधी लिहावीत, २१(४) नंतर.

आता नकाराचे मूळ कुठे असते ते पाहू. ते अर्जातच असते. बहुतेक प्रपोजल फॉर्ममध्ये एकाच रकान्यात नैराश्य, चिंता, फिट्स, पक्षाघात, मानसिक विकार असे सगळे एका ओळीत कोंबलेले असते, आणि पुढे फक्त होय किंवा नाही. समुपदेशन कुठे लिहायचे? त्याला जागा नसते. दुसरा एक प्रश्न असतो की गेल्या पाच वर्षांत आठवड्याहून अधिक उपचार लागलेल्या तक्रारीसाठी डॉक्टरकडे गेला होतात का. तिथे मात्र सगळेच येते. फॉर्म इंग्रजीत, भरणारा एजंट, अर्जदार शेताच्या बांधावर किंवा दुकानाच्या गल्ल्यावर. “भाऊ, बीपी-शुगर काही नाही ना? बाकी सगळं नाही लिहितो, सही करा.” पंधरा प्रश्न अर्ध्या मिनिटात उरकतात. प्रश्न मराठीत समजावून सांगितले अशा घोषणेखालीही त्याच दमात सही होते.

ज्याने प्रामाणिकपणे होय लिहिले त्याची फाईल अंडररायटरकडे, म्हणजे जोखीम तपासून अर्जाचा निर्णय घेणाऱ्या कंपनीच्या माणसाकडे जाते. हा माणूस मुंबईत किंवा आणखी कुठे बसलेला असतो, त्याला अर्जदार दिसत नाही, कागद दिसतो. आणि आपल्याकडच्या दवाखान्यातला कागद कसा असतो? सरकारी रुग्णालयाचा अर्ध्या पानाचा केसपेपर, वर मानसोपचार विभागाचा शिक्का, त्याखाली “झोप नाही, २ महिने”, मग डॉक्टरने घाईत काढलेले प्रश्नचिन्ह आणि पुढे डिप्रेशन, एका गोळीचे नाव, “१५ दिवसांनी”. ते प्रश्नचिन्ह डॉक्टरसाठी फार मोलाचे असते. त्याचा अर्थ, शंका आहे, अजून ठरलेले नाही. स्कॅन करताना ते पुसट होते, संगणकात टाकताना गळून पडते, आणि उरते ते फक्त डिप्रेशन. पंधरा दिवसांनी रुग्ण बरा वाटले म्हणून गेलाच नाही, तर शंका दूर झाल्याची नोंद कुठेच राहत नाही. उलट “उपचार अर्धवट सोडले” असा शेरा बसतो.

खासगी दवाखान्यात हाच घोळ कोडमुळे होतो. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत एफ ३२ म्हणजे नैराश्याचा झटका, आणि एफ ४३ म्हणजे तीव्र ताणाला मनाने दिलेला प्रतिसाद व जुळवून घेण्यातल्या अडचणी. नुसत्या सल्ल्यासाठी आणि समुपदेशनासाठी झेड ७१ हा तिसराच कोड आहे. बिलावर काहीतरी कोड टाकायचा म्हणून एफ ३२ टाकला की दुःखात असलेला माणूस कागदोपत्री रुग्ण होऊन बसतो. डॉक्टर मंडळींनी हा कोड टाकताना दहा सेकंद जास्त घ्यावेत, एवढी विनंती इथेच करून ठेवतो.

गोळ्यांचा गोंधळ वेगळाच. अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम ही गोळी अर्धशिशीसाठी आणि नसांच्या दुखण्यासाठी सर्रास दिली जाते. ड्युलॉक्सेटिन मधुमेहाने पायांची आग होते त्यावर देतात. पण औषधांच्या यादीत या दोन्ही नैराश्यावरच्या म्हणून नोंदलेल्या आहेत. केसपेपरवर गोळी कशासाठी दिली ते लिहिलेले नसेल, तर वाचणारा यादीप्रमाणे अर्थ लावतो. म्हणून पाय दुखतात म्हणून गोळी घेणाऱ्यानेही चिठ्ठीवर कारण लिहून मागावे.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. टर्म विम्यात थोड्या हप्त्यावर मोठी रक्कम उचलायची असते, त्यातला बराचसा भार कंपनी पुनर्विमा कंपनीवर, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणारीवर, टाकते, आणि पुनर्विमेवाल्यांच्या मॅन्युअलमध्ये जोखमीच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. रुग्णालयात दाखल झाले होते का, स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न झाला होता का, औषध किती काळ चालले, कामावर किती दिवस जाता आले नाही, दारू आहे का, शेवटची भेट कधी झाली, हे प्रश्न रास्त आहेत. आमचा आक्षेप हे प्रश्न न विचारताच नकार देण्यावर आहे. आणि आत्महत्येची धास्ती म्हणाल, तर त्याचे कलम पॉलिसीत आधीच आहे. जोखीम सुरू झाल्यापासून १२ महिन्यांत आत्महत्या झाली तर वारसाला विमा रक्कम मिळत नाही. साध्या, म्हणजे बाजाराशी न जोडलेल्या, पॉलिसीत भरलेल्या हप्त्यांच्या किमान ८० टक्के किंवा सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी मध्येच सोडल्यास मिळणारी रक्कम), यातले जे जास्त असेल ते परत मिळते. एवढी तटबंदी असताना समुपदेशन घेणाऱ्याला वेशीवरच अडवायचे, आणि ज्याने काही सांगितलेच नाही त्याला आत घ्यायचे, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

मग अर्ज भरताना करायचे काय? आधी कागद गोळा करावेत, अर्ज नंतर. रुग्णाला स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क त्याच २०१७ च्या कायद्याच्या कलम २५ मध्ये आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह, ताज्या तारखेचे पत्र घ्यावे. “हे माझ्याकडे उपचार घेत होते, आता ठीक आहेत” असे एका ओळीचे पत्र आणण्यापेक्षा न आणलेले बरे, कारण त्यातून नवे प्रश्नच निघतात. पत्रात पहिली आणि शेवटची भेट कोणत्या तारखेची, एकूण किती बैठका झाल्या, कारण काय होते, निदान झाले असेल तर कोणते आणि झाले नसेल तर “कोणत्याही मानसिक आजाराचे निदान केलेले नाही” हे स्पष्ट वाक्य, औषध असेल तर नाव, मिलिग्रॅम, सुरू आणि बंद केल्याची तारीख, दाखल करावे लागले का, आत्मघाताचा प्रयत्न किंवा विचार होता का, काम किंवा शिक्षण चालू राहिले का, आणि आजची स्थिती, हे सगळे हवे. जे खरे असेल तेच लिहून घ्यावे. डॉक्टरला गोड बोलून फिरवून घेतलेले पत्र पुढे दाव्याच्या वेळी वारसाच्या गळ्याशी येते.

समुपदेशक एमए मानसशास्त्र किंवा एमएसडब्ल्यू असेल तर त्याचे पत्र अनेकदा ग्राह्य धरत नाहीत, एमबीबीएस किंवा मानसोपचारतज्ज्ञाचेच मागतात. अशा वेळी समुपदेशकाचा सारांश घेऊन जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांना एकदा भेटावे आणि त्यांचे मत त्याला जोडावे. एक चक्कर पडते, पण अर्ज वाचतो. बैठकीत बोललेल्या गोष्टींच्या टिपणांची वही मात्र कंपनीला देण्याचे काहीच कारण नाही. गोपनीयतेचा हक्क कलम २३ मध्ये आहे. अर्जावर सही करून तुम्ही वैद्यकीय माहिती घ्यायला संमती देता हे खरे, पण सारांश देऊन काम भागते. नवऱ्याशी काय भांडण झाले, हे अंडररायटरला कळण्याची गरज नाही.

अर्जाच्या होय-नाहीच्या रकान्यात न मावणारे वेगळ्या कागदावर लिहून, सही करून जोडावे आणि पोच घ्यावी. एजंटला तोंडी सांगितले असेल तर तेच व्हॉट्सअॅपवर दोन ओळींत पाठवावे. विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ मध्ये एक स्पष्टीकरण आहे की विम्याचा करार जुळवून आणणारा माणूस त्या करारापुरता कंपनीचा एजंट मानला जातो. म्हणजे एजंटला सांगणे हे कंपनीला सांगणे, पण सिद्ध करता आले तरच. टेली-मेडिकलचा, म्हणजे आरोग्याचे प्रश्न विचारणारा कंपनीचा फोन आला तर ट्रॅक्टर बंद करून, निवांत बसून घ्यावा, आणि प्रश्न मराठीत मागावेत. तो फोन रेकॉर्ड होतो. तिथे गडबडीत “नाही नाही” म्हटले आणि अर्जात होय लिहिले असेल तर विसंगती म्हणून फाईल अडकते.

“कशाला लिहायचं, कोणाला कळणार आहे” असा सल्ला गावोगाव मिळतो. त्याची किंमत अर्जदार मोजत नाही, त्याची बायकामुले मोजतात. कलम ४५ प्रमाणे पॉलिसी दिल्यापासून, जोखीम सुरू झाल्यापासून, बंद पॉलिसी पुन्हा चालू केल्यापासून किंवा रायडर (मूळ पॉलिसीला जोडलेले जादा संरक्षण) घेतल्यापासून, यातली जी तारीख शेवटची असेल तिथपासून तीन वर्षे उलटली की कंपनी कोणत्याही कारणाने पॉलिसीवर बोट ठेवू शकत नाही. पण तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला, मग तो सर्पदंशाने असो की दुचाकीच्या अपघाताने, तर चौकशीचा माणूस गावात येतो. मेडिकल दुकान, सरकारी दवाखाना, शेजारीपाजारी, सगळीकडे विचारतो. जुना केसपेपर हाती लागला की दावा नाकारला जातो. फसवणुकीचा आरोप नसेल आणि फक्त माहिती दडवल्याचे कारण असेल, तर भरलेले हप्ते ९० दिवसांत परत द्यावे लागतात. पन्नास लाखांच्या जागी पंधरा-वीस हजार. हप्ता थकून पॉलिसी बंद पडते आणि हंगाम झाल्यावर लोक ती चालू करून घेतात. तीन वर्षांचे आणि आत्महत्येच्या कलमाचे १२ महिन्यांचे घड्याळ तिथून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, हे फार थोड्यांना माहीत असते.

याच कलमात विमेदाराच्या बाजूची एक ओळ आहे आणि ती वकिलांनीही नीट वाचावी. दडवलेली गोष्ट जोखमीवर थेट परिणाम करणारी असेल तरच ती महत्त्वाची मानली जाते, आणि ती माहीत असती तर आम्ही पॉलिसी दिलीच नसती हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असते. आता इथली मेख पाहा. समुपदेशन घेतलेल्यांचे अर्ज कंपनी सरसकट नाकारत राहिली, तर उद्या न सांगणाऱ्याच्या दाव्यात तिला म्हणता येते की बघा, आम्ही अशांना पॉलिसी देतच नाही. आजचा नकार उद्याच्या नकाराचा पुरावा होतो. म्हणून प्रत्येक चुकीच्या नकाराला लेखी हरकत घेणे हे त्या एका अर्जापुरते काम उरत नाही.

नकार आलाच तर तो कोणत्या प्रकारचा हे आधी समजून घ्यावे. कायमचा नकार, ठराविक काळासाठी पुढे ढकलणे, आणि जादा हप्ता लावून मंजुरी, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एजंट तिन्हीला “रिजेक्ट झालं” म्हणतो. जादा हप्त्याचा प्रस्ताव आला असेल तर लगेच नाक मुरडू नये. हिशेब करून पाहावा, पटला तर घ्यावा. पुढे ढकलले असेल तर किती महिने आणि त्यानंतर कोणते कागद, हे लेखी मागावे. आणि रागाच्या भरात आठवडाभरात चार कंपन्यांकडे अर्ज टाकू नयेत. पुढच्या प्रत्येक अर्जात प्रश्न असतो की यापूर्वी अर्ज नाकारला, ढकलला किंवा जादा हप्त्यावर मंजूर झाला होता का. एकाचे चार नकार झाले की पाचव्याला फाईल उघडायचीही इच्छा राहत नाही. दुसरीकडे जायचेच असेल तर आधी नाव न देता, कागदांच्या आधारे प्राथमिक मत मागता येते. चांगला एजंट हे करून देतो.

तक्रारीची वाट अशी. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करावा, त्यात नकाराचे नेमके कारण आणि कोणत्या कागदावरून तो काढला हे विचारावे, डॉक्टरांचे पत्र जोडून फेरविचार मागावा. दोन आठवड्यांत समाधान झाले नाही तर इर्डाच्या विमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर नोंद करावी. कंपनी सरकारी मालकीची असेल तर माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर आपल्याच फाईलवरचे शेरे मागता येतात, ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. विमा लोकपालाकडे वकील लागत नाही, फी नाही, आणि मराठवाड्यासाठी कार्यालय पुण्याला आहे. पण लोकपाल कंपनीला पॉलिसी द्यायला लावेल अशी आशा धरू नये. त्यांचे मुख्य काम दावे, हप्त्याचे वाद, आणि हप्ता घेऊनही पॉलिसी न देणे असे आहे. दावा नाकारला गेला असेल तर मात्र ५० लाखांपर्यंतच्या वादासाठी, कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत, तिथे जरूर जावे.

नियामकाकडे आमचे मागणे मोठे नाही. आयुर्विम्याच्या अर्जात समुपदेशन, निदान झालेला आजार आणि रुग्णालयात दाखल होणे, हे तीन प्रश्न वेगळे करावेत. आरोग्य विम्याच्या २०१६ च्या नियमावलीत नकाराची कारणे लेखी नोंदवून कळवण्याची सक्ती होती, तशीच स्पष्ट सक्ती आयुर्विम्याला करावी. आणि प्रेरणा प्रकल्प किंवा १४४१६ वर घेतलेला सल्ला एवढ्याच कारणाने अर्ज नाकारता येणार नाही, असे एका ओळीचे परिपत्रक काढावे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टर्म पॉलिसी फक्त सरकारी आणि बड्या कंपन्यांतल्या पगारदारांपुरती राखणे मनमानी ठरवले होते. पगारदार नसणे हे नकाराचे कारण होऊ शकत नसेल, तर मदत मागणे हे कारण कसे होते, याचे उत्तर नियामकाने द्यावे.

तोपर्यंत घर उघडे ठेवू नये. वाळूज, शेंद्र्याच्या कारखान्यांत ज्यांचा भविष्य निर्वाह निधी कापला जातो त्यांना त्यासोबतचा सात लाखांपर्यंतचा विमा आपोआप असतो, त्यात आरोग्याचा प्रश्न विचारत नाहीत. मात्र नामनिर्देशन ऑनलाइन भरलेले आहे का ते पाहावे. शेतकरी, दुकानदार, मजूर यांच्यासाठी प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आहे. वय १८ ते ५०, वर्षाला ४३६ रुपये, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर २ लाख. वैद्यकीय तपासणी नाही. नव्याने सामील होणाऱ्याला पहिले ३० दिवस फक्त अपघाती मृत्यूचे संरक्षण असते. यातली अडचण एकच, आणि ती दरवर्षी होते. वर्ष १ जून ते ३१ मे, हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, आणि मे महिन्यात बी-बियाण्यासाठी खाते रिकामे झालेले असते. शिल्लक नाही, हप्ता नाही, संरक्षण बंद, आणि तसा फोन कोणी करीलच असे नाही. जूनमध्ये पासबुक भरून घेताना ४३६ ची ओळ आहे का, ते बघून घ्यावे.

आपले,
एक विमा प्रतिनिधी आणि एक समुपदेशक, परभणी
(नावे प्रसिद्ध करू नयेत, ही विनंती)